गिधाडें आणि सृष्टीचा जमाखर्च

गिधाड ह्या पक्ष्याविषयीं आपल्या भाषेनें कधीं चांगला शब्द काढलेला नाहीं. म्हाताऱ्याच्या इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेल्या भाऊबंदांस आपण गिधाडें म्हणतों. दुष्काळांत धान्य दाबून ठेवणाऱ्या व्यापाऱ्यासही तीच उपमा देतों. आणि हा पक्षी घराच्या आढ्यावर बसला म्हणजे घरांत कांहीं अशुभ घडणार अशी धास्ती घेणारे लोक परवांपरवांपर्यंत खेडोपाडीं होते. आदिकवीनें मात्र ह्या कुळास न्याय दिला आहे. रावणाशीं झुंजतां झुंजतां पडलेला जटायु हा गृध्रराज, आणि समुद्राच्या ऐलतीरावरून लंकेंतली सीता ज्याला दिसली तो संपाति हा त्याचा वडील भाऊ. नाशिक जिल्ह्यांत इगतपुरी तालुक्यांतलें टाकेद हें जटायूचें स्थान म्हणून यात्रेकरूंस आजही दाखविलें जातें. शौर्य एकाचें, दृष्टि दुसऱ्याची. ह्यांपैकीं दृष्टीची गोष्ट तरी केवळ कविकल्पना नव्हे, हें पुढें येईलच.

ह्या पक्ष्याचा गेल्या चाळीस वर्षांतला इतिहास आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहों. तो एका पक्षिकुळाच्या मरणाचा इतिहास तर आहेच; पण ‘परिसंस्था’ म्हणून जो शब्द अलीकडे शाळेंतल्या मुलांच्याही तोंडीं असतो, त्याच्या पोटांत नेमकें काय आहे हें ह्या एका उदाहरणावरून जितकें स्वच्छ दिसतें, तितकें दहा व्याख्या पाठ करून दिसणार नाहीं, अशी आमची समजूत आहे.

प्रथम त्या शब्दाची थोडी चौकशी केली पाहिजे. सन १८६६ मध्यें अर्न्स्ट हेकेल ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें ह्या शास्त्राचें नामकरण केलें, तें ग्रीक भाषेंतील घर ह्या अर्थाच्या ‘ओइकोस’ शब्दावरून. अर्थशास्त्राचें युरोपांतलें नांवही त्याच शब्दापासून निघालेलें आहे. एकांत माणसांच्या प्रपंचाचा विचार, दुसऱ्यांत सर्व सजीवांच्या प्रपंचाचा. नांव मिळालें तरी शास्त्रास हिशोबाची शिस्त येण्यास पुढें साठसत्तर वर्षें लागलीं. इंग्लंडांतील चार्ल्स एल्टन ह्यानें १९२७ सालच्या आपल्या ग्रंथांत अन्नसाखळीचा विचार मांडला. वनस्पतींवर तृणभक्षक जगतात, तृणभक्षकांवर मांसभक्षक जगतात, आणि ह्या उतरंडींत जसजसें वर जावें तसतशी प्राण्यांची संख्या घटत जाते, हें त्यानें दाखवून दिलें. रानांत हरणें शेंकड्यांनीं आणि वाघ एखादाच कां, ह्या पोरकट वाटणाऱ्या प्रश्नाला मिळालेलें तें पहिलें पद्धतशीर उत्तर होय.

पुढें १९३५ सालीं आर्थर टान्सले ह्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें परिसंस्था ही संज्ञा छापून प्रसिद्ध केली. अरण्य म्हणजे जणूं एक मोठा प्राणीच आहे, तो जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो, असें म्हणणारा एक पंथ त्या काळीं प्रबळ होता. टान्सलेला तें मान्य नव्हतें. झाडें आणि प्राणी हे माती, पाणी, हवा आणि ऊन ह्यांपासून तोडून पाहतांच येत नाहींत. सजीव आणि निर्जीव मिळून जी एक चालती संस्था होते तिचा अभ्यास करावा, असें त्याचें म्हणणें. माणसालाही त्यानें ह्या संस्थेबाहेर उभें केलें नाहीं. माणसाच्या हातानें घडलेलीं कुरणें आणि शेतेंही ह्याच शास्त्राच्या कक्षेंत येतात, असें त्यानें बजावलें. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. आमच्या गोष्टीचा तोच पाया आहे.

पण जमाखर्चाची खरी वही उघडली ती अमेरिकेंतल्या एका तरुणानें. रेमंड लिंडेमन हा मिनेसोटा प्रांतांतला. सीडर बॉग नांवाच्या एका लहानशा, जेमतेम मीटरभर खोल तळ्यावर त्यानें आपल्या पत्नीच्या मदतीनें वर्षानुवर्षें खपून पाणवनस्पति, किडे, मासे आणि तळचा गाळ मोजला. वर्षभरांत तळ्याच्या दर चौरस सेंटिमीटरवर पडणारें ऊन त्यानें १,१८,८७२ कॅलरी धरलें. त्यांतल्या सुमारें १११ कॅलरी वनस्पतींच्या अंगीं लागल्या. वनस्पति खाणाऱ्यांच्या वांट्यास पंधराहून कांहीं कमी आल्या. आणि त्या प्राण्यांना खाणाऱ्यांच्या हातीं पडल्या तीन. एल्टनची उतरंड अशी कां असते तें ह्या चार आंकड्यांत आहे. त्याचा निबंध ‘इकॉलॉजी’ ह्या नियतकालिकाकडे गेला तेव्हां ज्या दोन जाणत्या सरोवरशास्त्रज्ञांकडे तो परीक्षणार्थ पाठविला, त्या दोघांनीं प्रतिकूल अभिप्राय दिला. पुरावा थोडा आणि सिद्धान्त फार, असा त्यांचा एकंदर आक्षेप होता. येल विद्यापीठांतील हचिन्सन ह्यांनीं त्याची बाजू लावून धरली, संपादक टॉमस पार्क ह्यांनीं धाडस केलें, आणि १९४२ सालीं निबंध छापला गेला. तो छापून येण्यापूर्वींच, २९ जून १९४२ रोजीं, दीर्घ आजारानें लिंडेमन वारला. त्यास सत्ताविसावें वर्ष चालू होतें.

ह्या सर्व विचाराचें तात्पर्य थोडक्यांत असें, कीं सृष्टींत दोन प्रकारचे व्यवहार चालतात. उन्हापासून मिळालेली शक्ति ही रोकड. ती खर्च झाली कीं परत येत नाहीं, सूर्यानें रोज नवी दिली पाहिजे. परंतु कर्ब, नत्र, स्फुरद, चुना हीं द्रव्यें म्हणजे घरांतलीं भांडीं. तीं मोजकींच आहेत, आणि तींच घांसून पुन्हां पुन्हां वापरावयाचीं. तेव्हां भांडीं घांसणारा कोणी तरी पाहिजे. जंतु, बुरशी, किडे, गांडुळें हें काम मुकाट्यानें करीत असतात. पण पांचसहा मणांचा बैल मरून पडला तर तें काम एकट्या जंतूंवर सोडणें गांवाच्या आरोग्यास परवडण्यासारखें नसतें. तेथें गिधाड येतें.

येतें तें वासावर नव्हे. आपल्याकडचीं गिधाडें नाकावर नव्हे तर डोळ्यांवर जगतात. ऊन तापून हवा वर चढूं लागली कीं पंख न हलवितां तीं आकाशांत उंच घिरट्या घालीत राहतात. प्रत्येकाचा एक डोळा जमिनीवर आणि दुसरा शेजारच्या गिधाडावर, असें म्हटलें तरी चालेल. कारण एक खालीं उतरूं लागलें कीं त्यास पाहून दुसरें, दुसऱ्यास पाहून तिसरें, अशी वर्दी कोसकोस पसरते आणि घटकाभरापूर्वीं जेथें एकही पक्षी नव्हता तेथें पन्नास-शंभर जमतात. संपातीची दृष्टि कवीनें उगीच वाखाणलेली नाहीं. मोठा थवा असला तर गाईचें धूड तासाभराच्या आंत हाडांवर येतें. त्यांच्या जठरांतलें आम्ल इतकें तीव्र असतें कीं कुजक्या मांसाबरोबर गेलेल्या बहुतेक रोगजंतूंचा तेथें निभाव लागत नाहीं. हा सर्व उद्योग बिनवेतन, आणि त्याबद्दल आपण दिलेला मोबदला म्हणजे वर सांगितलेल्या शिव्या.

भारतांत ह्या पक्ष्यांची संख्या किती असावी? १९८० च्या सुमारास ती चार कोटींच्या घरांत होती असा एक अंदाज वारंवार दिला जातो. तो ढोबळ आहे. परंतु पांढऱ्या पाठीचें गिधाड ही जगांतल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत विपुल जाति असावी, असें पक्षिशास्त्रज्ञ त्या दशकांत लिहीत होते. आतां एल्टनची उतरंड आठवा. शिखरावरचे पक्षी थोडे असावयाचे, मग हे इतके कसे? ह्याचें उत्तर आपल्या गोठ्यांत आहे. २००३ च्या पशुगणनेंत देशांत गाईबैल साडेअठरा कोटी आणि म्हशीरेडे जवळजवळ दहा कोटी होते. जगांत अन्यत्र म्हातारें जनावर कसायाकडे जातें. आपल्याकडे गाय बहुधा आपल्या मरणानें मरते आणि तिचें मांस माणसाच्या पानांत येत नाहीं. गिधाडांच्या ह्या अफाट सेनेचा शिधा असा माणसाच्या धर्मानें आणि शेतीनें पुरविलेला होता. ‘निसर्गाचा समतोल’ हा शब्दप्रयोग हल्लीं फार झाला आहे. तो आम्हांस फारसा पसंत नाहीं. माणूस दूर राहिला असतां आपोआप साधणारी कांहीं तरी पवित्र स्थिति असा त्यांतून भास होतो. येथें तसें कांहीं नव्हतें. गुराखी, बैल, गिधाड आणि माती हे एकाच संस्थेचे भागीदार होते.

आणखी एक भागीदार होता, आणि त्याचें नांव टाळून हा इतिहास लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. मेलेलें ढोर गांवाबाहेर ओढून नेण्याचें काम महाराष्ट्रांत महारांच्या माथीं मारलेलें होतें. कातडें निघालें कीं उरलेलें गिधाडांचें. गांव स्वच्छ राही तें अशा दोघांच्या श्रमांवर, कीं ज्यांस गांव अशुभ व अमंगल मानी. लाजेची गोष्ट ही कीं हें काम ज्यांनीं लादलें त्यांस त्याची लाज वाटली नाहीं. १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकरांनीं आपल्या बांधवांस मृतमांस खाणें सोडण्याचा उपदेश केला, तो स्वाभिमानाच्या इतिहासांतला मोठा टप्पा आहे. सृष्टीच्या व्यवस्थेंत एखादें काम आवश्यक आहे एवढ्यावरून तें अमक्याच माणसानें करावें असें ठरत नाहीं, हें येथें जातां जातां सांगून ठेवतों. कारण निसर्गाचे दाखले देऊन समाजांतल्या उतरंडी सिद्ध करणारे पंडित अद्याप नाहींसे झालेले नाहींत.

असो. ऱ्हासाची पहिली चाहूल लागली ती राजस्थानांत भरतपूर येथील केवलादेव घना ह्या प्रसिद्ध पक्षि-अरण्यांत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे—ही संस्था १८८३ पासूनची—विभु प्रकाश हे तेथें १९८० नंतरच्या दशकांत पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. दहाएक वर्षांनीं पुन्हां पाहणी केली तेव्हां झाडांवरचीं घरटीं ओस पडलेलीं, आणि जीं गिधाडें उरलीं होतीं तीं मान छातीपर्यंत लोंबत ठेवून फांदीवर सुस्त बसलेलीं आढळलीं. अशीं बसलेलीं गिधाडें कांहीं दिवसांनीं झाडाखालीं मरून पडत. ह्याचा वृत्तान्त १९९९ सालीं सोसायटीच्या मासिकांत आला. मग देशभर रस्त्यारस्त्यांनीं मोजणी सुरू झाली, आणि जें दिसलें त्यानें जाणकारही हादरले. १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शेंकडा ९९.९ नें घटलीं. लांब चोचीचीं आणि हिमालयाच्या पायथ्याकडचीं सडपातळ चोचीचीं मिळून शेंकडा ९७ च्या सुमारास घटलीं. प्रवासी कबुतर अमेरिकेंत असेंच नाहींसें झालें. पण तें माणसांनीं बंदुकीनें मारून, डोळ्यांदेखत. येथें कोणी दगडही उचलला नव्हता.

कारण कोणतें? कोणी म्हणाले, कीटकनाशकें. कोणी म्हणाले, अन्नाचा तुटवडा. बहुतेकांचा कल एखाद्या नव्या सांसर्गिक रोगाकडे होता, आणि तो वावगा नव्हता, कारण तिन्ही जाति एकाच वेळीं, देशाच्या सर्व भागांत मरत होत्या. ह्या विषाणूच्या शोधांत कांहीं वर्षें गेलीं. उलगडा झाला तो पाकिस्तानी पंजाबांत. लिंडसे ओक्स ह्या अमेरिकन पशुरोगतज्ज्ञानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं २००० ते २००३ ह्या काळांत तेथें २५९ मृत गिधाडें फाडून तपासलीं. त्यांतल्या २१९ पक्ष्यांच्या आंतड्यांवर, काळजावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर चढलेला होता. हा थर यूरिक आम्लाचा. पक्ष्यांच्या शरीरांतला नत्राचा मळ ह्या रूपानें मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड बंद पडलें कीं तो आंतल्या आंत साचतो. म्हणजे मरणाचें दार कळलें. चोर कळावयाचा होता. विषाणु सांपडेना, कीटकनाशकें सांपडेनात, जड धातु सांपडेनात. तेव्हां ह्या मंडळींनीं एक साधा विचार केला. ह्या पक्ष्यांचें अन्न म्हणजे पाळीव जनावर. तर त्या जनावरांस अलीकडे असें कोणतें नवें औषध दिलें जातें, कीं जें मूत्रपिंडास बाधतें? औषधविक्रेत्यांकडे चौकशी करतां एक नांव पुढें आलें: डायक्लोफेनॅक.

हें औषध माणसांसाठीं १९७० नंतरच्या दशकांत निघालें. सांधेदुखी, कंबरदुखी, मुरगळलेला पाय—आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं तें कधीं ना कधीं आलेलें असेल. १९९० नंतरच्या दशकांत तें स्वस्त झालें आणि गुरांच्या डॉक्टरांच्या पेटींत शिरलें. लंगडणारा बैल दुसऱ्या दिवशीं उठून उभा राहतो, कासेची सूज उतरते. शेतकऱ्यास आणखी काय पाहिजे? मूत्रपिंड निकामी झालेल्या पंचवीस गिधाडांची तपासणी केली, तेव्हां पंचविसांच्याही मूत्रपिंडांत हें औषध निघालें. अन्य कारणांनीं मेलेल्या तेरांपैकीं एकांतही निघालें नाहीं. औषध दिलेल्या जनावरांचें मांस गिधाडांस खाऊं घालून पाहिलें, तों तींही तशींच मेलीं. हा निष्कर्ष २००४ च्या आरंभीं ‘नेचर’ मध्यें प्रसिद्ध झाला. गुन्हेगार असा कोणी नव्हता. दुखणाऱ्या जनावरावर केलेली ती दया होती.

शंका घेणाऱ्यांनीं विचारलें, कीं सगळ्याच गुरांस कांहीं हें औषध देत नाहींत, आणि दिलें तरी तें कांहीं दिवसांत अंगांतून निघून जातें. मग एवढा संहार कसा? ह्या प्रश्नाचें उत्तर वाचकांस घरीं कागद-पेन्सिल घेऊन काढतां येईल, म्हणून तें आम्ही थोडें विस्तारानें देतों. गिधाड रोज जेवीत नाहीं. तीन दिवसांनीं एकदां खातें असें धरूं. म्हणजे वर्षाचीं जेवणें एकशेंवीस. दोनशें प्रेतांपैकीं एकच विषारी आहे असें समजूं. एका जेवणांत वांचण्याची संधि दोनशेंत एकशेंनव्याण्णव, म्हणजे जवळजवळ खात्रीच. परंतु ही खात्री लागोपाठ एकशेंवीस वेळां खरी ठरली पाहिजे. गुणाकार करीत गेल्यास असें दिसतें, कीं वर्षाअखेर शंभरांतले पंचावन्न पक्षी उरतात. दुसऱ्या वर्षीं तीस. तिसऱ्या वर्षीं सोळा. नवीं पिलें हिशोबांत धरलीं नाहींत, तर दहा वर्षांनीं हजारांतले दोन किंवा तीन. शास्त्रज्ञांनीं अधिक बारकाईनें गणित केलें तेव्हां १३० पासून ७६० प्रेतांत एक विषारी असलें तरी दिसला तेवढा ऱ्हास होऊं शकतो, असें निघालें. प्रत्यक्षांत २००४-०५ मध्यें भारतांत मेलेल्या गुरांचीं १,८४८ यकृतें तपासलीं, तर सुमारें दहांत एकामध्यें ह्या औषधाचा अंश होता.

आणि पिलें धरलीं तरी काय होतें? गिधाडाची जोडी वर्षास एकच अंडें घालते, आणि पिलास स्वतः जोडी जमविण्यास पांचेक वर्षें लागतात. उंदीर किंवा चिमणी ह्यांचा संसार फार मरतो म्हणून फार जन्मावयाचा, अशा धर्तीवर बेतलेला असतो. गिधाडाचा संसार दीर्घायुष्याच्या भरंवशावर बेतलेला आहे. अशा जातींत प्रौढ पक्ष्यांच्या मृत्यूंत थोडी भर पडली तरी ती जाति उतरणीस लागते. येथें तर वर्षास निम्मे जात होते. त्यांतून हे पंक्तीनें जेवणारे पक्षी. एक विषारी बैल म्हणजे पन्नास पानांची पंगत.

गिधाडें गेलीं तरी प्रेतें पडावयाचीं थांबलीं नाहींत. अन्न मोकळें पडलें कीं सृष्टींत त्यावर हक्क सांगणारा दुसरा येतोच. येथें आलीं तीं भटकीं कुत्रीं. गिधाडाला गांवांत येण्याचें प्रयोजन नसतें, कुत्र्याला असतें. गिधाडाच्या पोटीं रोगजंतु मरतात. पिसाळलेला कुत्रा रोग घेऊन फिरतो. २००८ सालच्या एका अभ्यासांत असें अनुमान काढलें, कीं गिधाडांच्या ऱ्हासामुळें देशांत निदान ५५ लाख कुत्रीं वाढलीं आणि पिसाळ-रोगानें चौदा-पंधरा वर्षांत सुमारें ४८ हजार माणसें अधिक दगावलीं. २०२४ मध्यें फ्रँक आणि सुदर्शन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं निराळ्या रीतीनें हिशोब केला. ज्या जिल्ह्यांत गिधाडांस राहण्याजोगी परिस्थिति होती आणि ज्यांत नव्हती, अशांच्या मृत्युसंख्यांची त्यांनीं तुलना केली. २००० ते २००५ ह्या काळांत सुमारें पांच लाख माणसें अधिक मेलीं, आणि नुकसान वर्षास ६९ अब्ज डॉलर, असा त्यांचा निष्कर्ष. दोन आंकड्यांत दहापट अंतर पाहून गोंधळून जाऊं नये. पहिला केवळ कुत्र्याच्या चाव्यापुरता आहे. दुसऱ्यांत नासलेल्या पाण्यापासून सर्व कारणें आलीं. माणसाच्या जिवाची किंमत डॉलरांत करणें आम्हांस रुचत नाहीं. पण जी सेवा फुकट मिळते ती बंद पडल्यावांचून कोणी मोजीत नाहीं, हेंही खरें.

मुंबईच्या पारशी समाजावर हा प्रसंग निराळ्या रीतीनें ओढवला. मलबार टेकडीवरच्या डुंगरवाडींत सतराव्या शतकापासून त्यांचे दोखमे आहेत. अग्नि, पृथ्वी आणि जल हीं तत्त्वें प्रेतानें विटाळूं नयेत म्हणून देह पक्ष्यांस अर्पण करावा, हा त्यांचा धर्म. आणि तो पक्षी म्हणजे गिधाड. आकाश रिकामें झाल्यावर सूर्याचे किरण एकवटून देह सुकविणारीं यंत्रें बसविण्यांत आलीं. कांहींनीं विद्युद्दाहिनीचा मार्ग पत्करला, कांहींनीं त्यास कडवा विरोध केला. हजारों वर्षांचा आचार गुरांच्या एका इंजेक्शनानें संकटांत यावा, ही कल्पना कादंबरीकारासही सुचली नसती. परिसंस्थेचे धागे कोठून कोठें जातात त्याचा ह्याहून विलक्षण दाखला आमच्या पाहण्यांत नाहीं.

उपाय झाले, कांहीं लवकर, कांहीं उशिरां. २००६ च्या आरंभीं मेलॉक्सिकॅम हें औषध गुरांस तितकेंच गुणकारी आणि गिधाडांस निर्धोक असल्याचें सिद्ध झालें, आणि त्याच वर्षीं भारत, पाकिस्तान आणि नेपाळ ह्यांनीं गुरांसाठीं डायक्लोफेनॅक बनविण्यास बंदी केली. शोध लागल्यापासून दोन वर्षांत बंदी, ही आपल्या कारभाराच्या मानानें शाबासकी देण्यासारखी गोष्ट होय. पण कायदा आणि गोठा ह्यांत अंतर असतें. माणसांसाठीं मोठ्या कुप्यांतून मिळणारें तेंच औषध गुरांस टोचलें जाऊं लागलें. तेव्हां २०१५ सालीं माणसांसाठींची कुपी तीन मिलिलिटरांहून मोठी नसावी, असा नियम करावा लागला. शिवाय एक चोर धरला तोंच त्याचे भाऊबंद पुढें आले. असिक्लोफेनॅक म्हणून एक औषध आहे. तें गाईच्या शरीरांत जाऊन डायक्लोफेनॅकच बनतें. तें आणि किटोप्रोफेन ह्यांवर बंदी येण्यास २०२३ साल उजाडलें.

दरम्यान हरियाणांत पिंजोर येथें नॅचरल हिस्टरी सोसायटीनें आणि सरकारनें मिळून गिधाडें पाळून वाढविण्याचें केंद्र काढलें, आणि मागाहून आसाम, बंगाल, मध्यप्रदेश येथेंही तशीं केंद्रें निघालीं. २०१५ च्या मोजणीप्रमाणें रानांत पांढऱ्या पाठीचीं सुमारें सहा हजार, लांब चोचीचीं बारा हजार आणि सडपातळ चोचीचीं हजारभर गिधाडें उरलीं होतीं. ऱ्हासाचा वेग मंदावला, कांहीं ठिकाणीं थांबला, एवढें समाधान. जानेवारी २०२४ मध्यें पिंजोरहून वीस गिधाडें मोटारींतून महाराष्ट्रांत ताडोबा आणि पेंच येथें आणण्यांत आलीं. त्यांस प्रथम मोठ्या जाळीच्या घरांत ठेवलें. तेथल्या हवेची आणि उन्हाची ओळख पटल्यावर मग सोडावयाचें, असा बेत होता. वर्षास एक अंडें घालणाऱ्या जातीला वीस ही संख्या लहान नाहीं आणि मोठीही नाहीं.

रायगड जिल्ह्यांत म्हसळें तालुक्यांतल्या चिरगांवास पांढऱ्या पाठीचीं गिधाडें अजून झाडांवर घरटीं करतात, आणि तेथल्या गांवकऱ्यांस त्यांचा अभिमान आहे. पण आतां अडचण उलटीच आहे. कोंकणांत गुरें कमी झालीं. नांगराच्या जागीं यंत्र आलें. गोठे रिकामे पडले, आणि मेलेलें जनावर मिळेनासें झालें. म्हणून रायगड, नाशिक, गडचिरोली ह्या जिल्ह्यांत गिधाडांसाठीं उपाहारगृहें निघालीं आहेत—हें नांव थट्टेनें दिलेलें नसून खुद्द जंगलखात्याच्या कागदोपत्रीं आहे. जेथें जनावर मेल्याची वर्दी येते तेथून तें गाडींत घालून, त्यास मरणापूर्वीं कोणतें औषध दिलें होतें ह्याची चौकशी करून, कुंपणाच्या आंत उघड्यावर ठेवतात. आणि मंडळी दूर जाऊन, आकाशाकडे पाहत, कोणी उतरतें कीं काय ह्याची वाट पाहत बसतात.